आयुष्यात एकदाच: वैमानिक निवडणाऱ्या यंत्राची गोष्ट

  नेहमीसारखं, ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतोय. बोलल्यासारखाच लिहिलाय, सांभाळून घ्या.

आजचा विषय एका श्रोत्यामुळे निघाला. नाव सांगत नाही, त्यानेच नको म्हटलंय. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा मुलगा. त्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाला, "दादा, एअर फोर्सची लेखी परीक्षा निघाली. आता बोर्डाचं बोलावणं आलंय. पाच दिवसांच्या फेऱ्यांची भीती नाही वाटत. नाही जमलं तर पुन्हा देता येतं. पण शिफारस मिळाली तर पायलटसाठी एक मशिनवरची टेस्ट असते. तिच्यात नापास झालं की संपलं. आयुष्यात पुन्हा नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. असा नियम कुणी केला, आणि का?"

प्रश्न ऐकून मी जरा थबकलो. कारण खरंच बघा, आपल्याकडे बहुतेक सगळ्या परीक्षांना दुसरी संधी असते. दहावी, बारावी, नीट, एमपीएससी. मग इथेच का नाही? उत्तर शोधायला गेलो आणि शंभर वर्षं मागे जाऊन पोचलो. चला, तिथूनच सुरू करू.

घोडा येतो का?

साल १९१४. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा विमान हे यंत्र जेमतेम अकरा वर्षांचं होतं. ते चालवायला माणूस कसा निवडायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग काय करायचं? जे माहीत होतं त्यावर भागवायचं. ब्रिटिश अधिकारी समोर आलेल्या तरुणाला विचारायचे, कुठल्या शाळेत शिकलास? खेळतोस का? घोड्यावर बसता येतं का?

घोड्याचा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नव्हता. लगाम हलक्या हाताने धरणारा माणूस विमानाची दांडीही हलक्या हाताने धरेल, असा हिशेब होता. त्या काळची विमानं लाकूड, कापड आणि तारांची. हिसका मारला की घात. १९१८ मध्ये 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात रिपन आणि मॅन्युएल यांनी यशस्वी वैमानिकाचा स्वभाव कसा असतो यावर लेख लिहिला. त्यातही हा हलका हात आहे, खिलाडूपणा आहे, आणि फार विचार न करणारा बेधडक स्वभावही आहे.

पण मंडळी, यातली गोम लक्षात घ्या. घोडा कुणाकडे असतो? ज्याच्या घरी तबेला असतो त्याच्याकडे. म्हणजे हाताची परीक्षा घेतोय असं म्हणत प्रत्यक्षात घराण्याची परीक्षा चालली होती.

आता याच काळातल्या एका भारतीय पोराची गोष्ट. इंद्रलाल रॉय. जन्म कोलकात्याचा, १८९८ चा. शिक्षण लंडनला. अठराव्या वर्षी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जायचं ठरवलं, आणि डोळे कमजोर आहेत म्हणून त्याला परत पाठवलं. पठ्ठ्या गप्प बसला नाही. असं सांगतात की त्याने आपली मोटरसायकल विकली, त्या पैशांत एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि पहिला निकाल फिरवून घेतला. १९१७ मध्ये तो दाखल झाला. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर दहा हवाई विजय लागले, आणि २२ जुलैला तो लढताना पडला. वय एकोणीस. मरणोत्तर त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

गोष्ट भारी आहे. पण मला तिच्यातली मोटरसायकल विसरता येत नाही. त्याच्याकडे विकायला ती होती म्हणून दुसरी संधी मिळाली. ज्याच्याकडे नव्हती, त्याचं नावही आपल्याला माहीत नाही.

गरगर फिरणारी खुर्ची

युद्ध लांबत गेलं तसं शाळा आणि घोडा पुरेना. शास्त्रज्ञांना बोलावणं आलं. फ्रान्समध्ये कामुस आणि नेपेर हे दोन डॉक्टर उमेदवाराला बसवायचे, त्याचा श्वास, नाडी आणि हाताचा कंप मोजायला यंत्रं लावायचे, आणि मग अचानक मागे पिस्तुलाचा बार काढायचे. दचकून किती हललास, किती वेळात सावरलास, त्यावर शेरा.

अमेरिकेत खुर्ची आली. उमेदवाराला तिच्यात बसवून वीस सेकंदांत दहा गिरक्या द्यायच्या आणि एकदम थांबवायचं. आपण लहानपणी अंगणात गरगर फिरून थांबायचो, आठवतंय? डोळे कसे थरथरत राहतात, जग फिरत राहतं. ती डोळ्यांची थरथर सव्वीस सेकंद टिकली तर उत्तम. दहा सेकंद इकडे किंवा तिकडे चालेल. त्याबाहेर गेलात तर घरी जा. ज्याचा कान आणि तोल शाबूत, तोच उडू शकेल, असं यामागचं गणित.

गणित दिसायला चोख होतं, पण पुढे दोन गोष्टी उघड झाल्या. एक म्हणजे, या आकड्याचा चांगलं विमान चालवण्याशी फारसा संबंध जुळेना. दुसरी त्याहून मजेची. तीच तीच गिरकी वारंवार दिली की थरथर आपोआप कमी होत जाते. म्हणजे सरावाने आकडा बदलतो. ही दुसरी गोष्ट मनात ठेवा. आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

माणूस नको, कामाचा तुकडा बघा

दोन युद्धांच्या मधल्या काळात विचाराने वळण घेतलं. माणूस कसा आहे हे विचारण्यापेक्षा, त्याला जे काम करायचंय त्याचा एक छोटा तुकडा जमिनीवरच त्याच्याकडून करून घेतला तर? १९३४ च्या सुमारास अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय शाळेतल्या नीली मॅशबर्न यांनी असं एक यंत्र बनवलं. समोर दिव्यांच्या रांगा, हातात दांडी, पायाखाली पेडल. लाल दिवा लागला की हातपाय हलवून हिरवा दिवा त्याच्या जोडीला आणायचा. जुळला की लगेच दुसरा. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, डोळे तिसरीकडे, आणि तिघांचा मेळ एकाच वेळी. ओळखीचं वाटलं ना? आज आपला श्रोता ज्या यंत्रासमोर बसणार आहे, त्याचं हे एक पूर्वजच म्हणा.

मग दुसरं महायुद्ध आलं. मे १९४० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी वर्षाला पन्नास हजार विमानांची मागणी केली. विमानं कारखान्यात बनतील हो, पण चालवणार कोण? तोवर लष्करी वैमानिक व्हायला दोन वर्षं कॉलेज झालेलं असणं बंधनकारक होतं. त्या काळात कॉलेज परवडणारी घरं किती होती? जानेवारी १९४२ मध्ये ही अट काढून टाकली आणि तिच्या जागी दीडशे प्रश्नांची एक लेखी परीक्षा ठेवली. शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या पोरालाही आता दार उघडलं. कागद कुठला आहे ते बाजूला ठेवून डोकं चालतं का एवढंच बघू, असा त्याचा अर्थ होता.

या सगळ्या कामाचा प्रमुख होता जॉन फ्लॅनगन नावाचा मानसशास्त्रज्ञ. लेखी परीक्षेनंतर त्याच्या लोकांनी आणखी चाचण्यांची रांग लावली. यंत्रातली तत्त्वं कळतात का, घड्याळासारख्या तबकड्या बघून विमान कुठे झुकलंय हे ओळखता येतं का, दोन्ही हातांचा मेळ, बोटांची चपळाई, पायांचा ताबा. या सगळ्यातून शेवटी एकच आकडा निघायचा, एक ते नऊमधला. त्याला नाव पडलं 'स्टॅनाइन'. एकाच मुलाला तीन वेगळे आकडे मिळायचे. वैमानिक म्हणून एक, दिशा दाखवणारा नॅव्हिगेटर म्हणून दुसरा, बॉम्ब टाकणारा म्हणून तिसरा. वैमानिकाच्या आकड्यात मागे पडलेला पोरगा नॅव्हिगेटरच्या आकड्यात वर असू शकायचा.

हा आकडा खरंच काही सांगतो का? १९४३ मध्ये त्यांनी एक धाडस केलं. हजाराहून जास्त तरुणांच्या चाचण्या घेतल्या आणि गुण काहीही असोत, सगळ्यांना वैमानिकाच्या प्रशिक्षणाला पाठवून दिलं. खालच्या गुणांचे जवळजवळ सगळे गळले. गुण वर चढत गेले तसतसे टिकणारे वाढले. पुढे १,८५,३६७ प्रशिक्षणार्थींचा हिशेब मांडला तेव्हा प्रशिक्षणाच्या पहिल्याच टप्प्यात नऊ गुणवाल्यांपैकी ४ टक्के बाहेर पडले होते, आणि एक गुणवाल्यांपैकी ७७ टक्के.

आता हे आकडे उलटे करून वाचा बरं. नऊ गुण मिळवणारेही काही बाहेर गेले, आणि ज्याला सगळ्यात कमी गुण, त्यांच्यातलेही शंभरात तेवीस तो टप्पा पार करून गेले. म्हणजे हा आकडा जमावाबद्दल बरोबर बोलतो. एकट्या माणसाबद्दल तो फक्त अंदाज बांधतो. हवामान खात्यासारखं आहे हे. सत्तर टक्के पावसाची शक्यता म्हटलं तरी तुमच्या अंगणात पडेलच असं नाही.

मानसशास्त्राच्या लोकांत या काळातला एक किस्सा सांगतात. उमेदवारांना जी वैयक्तिक माहिती विचारायचे, तिच्यात एक साधा प्रश्न होता. तू कधी खेळण्यातलं विमान स्वतः बनवलंस का, आणि ते उडलं का? म्हणे हा एकटा प्रश्न अख्ख्या चाचण्यांच्या तोडीचा ठरला. किस्सा थोडा मीठमसाला लावलेला असेल, पण मला पटतो. ज्याने चार वेळा पंख मोडून पाचव्यांदा उडवलं, त्याला उडणं म्हणजे काय हे आधीच थोडं कळलेलं असतं.

यंत्राने न विचारलेला प्रश्न

त्याच अमेरिकेतली दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९२५ मध्ये तिथल्या आर्मी वॉर कॉलेजच्या एका अहवालात कृष्णवर्णीय सैनिकांच्या बुद्धीवर आणि धैर्यावरच शंका घेतली होती. चाचणी नाही, यंत्र नाही, नुसता पूर्वग्रह, आणि तोही अधिकृत कागदावर. १९४१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला त्यांच्यासाठी वेगळं प्रशिक्षण सुरू झालं. मार्च १९४२ मध्ये पहिले पाच वैमानिक बाहेर पडले. १९४६ पर्यंत ती संख्या हजाराच्या जवळ गेली.

दिवे जुळवणाऱ्या यंत्राला समोरच्याचा रंग दिसत नाही, ही त्याची चांगली बाजू. पण त्या यंत्रापर्यंत कुणाला पोचू द्यायचं हे माणसंच ठरवतात. आपल्याकडेही तेच झालं. भारतीय हवाई दलात मुली वैमानिक म्हणून आल्या १९९० च्या दशकात, आणि लढाऊ विमानांवर पहिल्या तिघी, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग, नेमल्या गेल्या जून २०१६ मध्ये. मुलींचे हात २०१६ मध्ये अचानक स्थिर झाले नव्हते. दार तेव्हा उघडलं.

आपल्याकडचं यंत्र

आता भारतात येऊ. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात आपल्याकडे पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट आली, म्हणजेच पीएबीटी. तुमच्या ओळखीत कुणी निवृत्त हवाई दलवाले काका असतील तर हे नाव काढून बघा, चेहऱ्यावर काहीतरी उमटेलच. तिचे तीन भाग. पहिला कागदावरचा. विमानातल्या तबकड्या समजावून सांगायच्या आणि मग त्या वाचून प्रश्न सोडवायचे. दुसरा हातापायांचा. पडद्यावर उजेडाचा एक ठिपका पळतोय, त्याला दांडी आणि पेडल वापरून चौकटीत धरून ठेवायचं, आणि मध्येच दिवा लागला किंवा बझर वाजला की तोही बंद करायचा. तिसऱ्यात एक ड्रम फिरतोय, त्यावर वेडेवाकडे ठिपके, आणि चाक फिरवत आपला ठिपका त्यांच्यावरून न्यायचा. हातापायांच्या या दोन्ही चाचण्या ब्रिटिश हवाई दलातही याच नावांनी होत होत्या.

ही यंत्रं आपल्याकडे अर्धशतकाहून जास्त चालली. मग २०१३-१४ च्या सुमारास त्यांची जागा संगणकावरच्या पद्धतीने घेतली. कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम, तुमच्या भाषेत सीपीएसएस. ती डीआरडीओच्या प्रयोगशाळांनी इथेच बनवली. आता हातापायांच्या मेळासोबत लक्ष, स्मरण, एका वेळी दोन कामं सांभाळणं, माहिती पटकन पचवणं हेही तपासलं जातं.

पण एक नियम जुन्या यंत्राकडून नव्याकडे तसाच आला. इथे नापास झालात तर उड्डाण शाखेसाठी पुन्हा बसता येत नाही. जमिनीवरच्या शाखांची दारं उघडी राहतात.

मग एकदाच का?

नियमामागचा तर्क या इतिहासातूनच दिसतो. गिरक्यांची खुर्ची आठवा. सरावाने आकडा बदलला की तो आकडा आधी जे सांगत होता ते सांगेनासा होतो. १९५४ मध्ये एडविन फ्लाइशमन आणि वॉल्टर हेम्पेल या संशोधकांनी नेमकं हेच मोजलं. मॅशबर्नच्या दिव्यांच्या यंत्रासारख्या चाचणीवर माणसांना पुन्हा पुन्हा बसवलं. त्यांना काय दिसलं? सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये गुण ठरतात ते दिशेची जाण, समज अशा गोष्टींवर. सराव वाढत गेला की गुण ठरतात ते त्याच एका यंत्रावर बसलेल्या हातावर.

म्हणजे असं समजा. पहिल्यांदा बसलेल्या मुलाकडून कळतं की तो नवी गोष्ट किती लवकर शिकतो. विसाव्यांदा बसलेल्याकडून एवढंच कळतं की त्याला हे यंत्र पाठ झालंय. हवाई दलाला पहिली गोष्ट हवी आहे. कारण प्रशिक्षणात रोज काहीतरी नवं समोर येणार, आणि तिथे हळू शिकणाऱ्याची किंमत पैशांत आणि कधीकधी जिवात मोजावी लागते.

तर्क समजला म्हणून नियम टोचायचा थांबत नाही, हे मान्य. शंभरातल्या त्या तेवीस जणांवर असा नियम अन्याय करतोच. पण मोटरसायकल विकून मिळणारी दुसरी संधी आणि कुणालाच न मिळणारी दुसरी संधी, या दोन्हींत गरिबाच्या पोराला कुठली बरी, याचा विचार तुम्हीच करा.

माझ्या मित्रा, तुझ्यासाठी

तर आता त्या श्रोत्याशी थेट बोलतो. बाकीच्यांनीही ऐका.

तयारी काय करायची? अल्टिमीटर, दिशादर्शक, कृत्रिम क्षितिज या तबकड्या कशा वाचतात ते नीट समजून घे. हे ज्ञान आहे, इथे अभ्यासाचा उपयोग होतो. आधल्या रात्री झोप. सूचना सांगतात तेव्हा कान तिथेच ठेव, कारण नवीन गोष्ट समजून घेणं हीच तिथली अर्धी परीक्षा आहे. एक चूक झाली की तिच्यामागे मन पाठवू नकोस, ठिपका पुढे गेलेला असतो. मोबाइलवरचे गेम खेळून मशिन हमखास निघतं असं कुणी सांगत असेल आणि त्याचे पैसे मागत असेल, तर पैसे खिशातच राहू दे.

आणि हो, उंची किमान १६२.५ सेंटीमीटर, बसून उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडी ६४ पर्यंत, ही मापं घरी टेप घेऊन आधीच बघून ठेव. कॉकपिटच्या मापात आपलं शरीर बसत नसेल तर तो कुणाचाच दोष नाही. पण ते लवकर कळलेलं बरं.

शेवटची गोष्ट. तुझ्यासारखाच एक मुलगा रामेश्वरमहून निघून डेहराडूनच्या एअर फोर्स निवड मंडळासमोर गेला होता. पंचवीस उमेदवार होते, आठ जागा होत्या. त्याचा नंबर नववा आला. 'अग्निपंख' वाचलं असेल तर ओळखलंच असशील, ते एपीजे अब्दुल कलाम. तो नववा नंबर किती लागला होता हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे ते डीआरडीओचे प्रमुख झाले. वैमानिक निवडायची संगणकावरची पद्धत त्यांच्यानंतर बरीच वर्षांनी आली, पण बनली त्याच संस्थेत. आणि ८ जून २००६ ला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, राष्ट्रपती असताना, ते आपल्या पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मध्ये बसून उडाले.

नापास झालास तर राष्ट्रपती होशील, असं मी म्हणत नाहीये. तसं होत नसतं, आणि खोटं सांगून धीर द्यायचा नाही. मला एवढंच म्हणायचंय की ते यंत्र तुला एकच प्रश्न विचारणार आहे: हे विशिष्ट काम तू ठरलेल्या वेळात शिकशील का? तुझी लायकी किती, घरच्यांनी तुझ्यावर ठेवलेला विश्वास बरोबर की चूक, हे त्याला विचारता येत नाही. शंभर वर्षांत ते कुणालाच यंत्रावर मोजता आलेलं नाही.

म्हणून घरी जे सांगून ठेवलंयस ना, त्यात एक वाक्य वाढव. "पायलट झालो तर उत्तम, नाही झालो तर पुढचं बघू." आईला आजच सांग. मग बिनधास्त जा, आणि काय होईल ते आम्हाला कळव. निकाल कुठलाही असो, तुझा मेसेज मी ऐकणार आहे.

चला मंडळी, इथेच थांबतो. तुमच्या घरात, गावात कुणी पीएबीटी दिलेलं असेल तर त्यांचा अनुभव आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पास झालेल्यांचा तर पाठवाच, पण न झालेल्यांचा आधी पाठवा. त्यांच्या गोष्टी कुणी विचारत नाही. भेटू पुढच्या भागात.